पोचवणारी मावशी

कोणत्याही बाईला हात लावण्याआधी पोलीसमावशी सांगायची, "बाई, हात लावतो हां." झडती असो नाहीतर पंचनामा, मेलेल्या बाईलाही ती तसंच सांगायची. ठाण्यातले पुरुष हसायचे. "हासू दे," मावशी म्हणायची, "उद्या यांच्या घरच्या बाईवर पाळी आली तं समजन."

आदिलाबादकडच्या पहिल्या महिला पोलिसांतली ती एक. बाईमाणसाचं काम निघालं की गुडीहत्नूरपासून जैनथपर्यंत तिलाच बोलावणं. बंदोबस्त, जत्रा होतंच. पण तिला खुपायचं ते पोचवण्याचं काम. मार खाऊन बाई ठाण्यात आली की साहेब समझोता करून द्यायचे. समझोता म्हणजे काय, तर तिनं गप्प राहायचं. मग मावशीनं तिला ऑटोतून सासरी सोडून यायचं.

अशीच जैनथकडची एक पोरगी. रस्ताभर तिनं मावशीची बाही सोडली नाही. "नका ना सोडू मले तिथं," म्हणत राहिली. मावशीनं समजूत घातली, उंबऱ्यापर्यंत नेलं. पोळा होतो न होतो, तोच त्या पोरीच्या पंचनाम्याला मावशीला बोलावणं आलं. त्या दिवशी तिला "हात लावतो हां" म्हणता आलं नाही म्हणे.

नंतर कधीतरी त्याच ठाण्याच्या बाकावर मी बसले होते, सुजलेलं तोंड घेऊन. परत गेले तर जगत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. साहेबांनी मावशीला हुकूम सोडला.

"मी नाई नेत, साहेब."

"काऊन?"

"एक नेली. तेच लय झालं."

तिनं मला आपल्या खोलीवर नेलं. शिक्षा म्हणून तिची बदली थेट बेज्जूरच्या जंगलात झाली. गेली मुकाट्यानं, मला घेऊन. तिथल्या शाळेत मी स्वयंपाकाला लागले आणि माणसात आले.

आता मावशी थकली, माझ्याकडेच असते. माझं नाव विसरली आहे. आंघोळ घालताना मीच म्हणते, "मावशी, हात लावतो हां." मग ती अंग सैल सोडते. पण दिवस कलला की तिचा जीव थाऱ्यावर राहत नाही. दाराकडे बघत विचारते, "ते पोरगी पोचली का वं?"

"पोचली, मावशी. मायच्या घरी पोचली."

"खोटं नोको बोलू, बाई. म्याच सोडली तिले सासरी."

"मले तं नाई सोडलं ना तू," मी म्हणते.

ते तिला आठवत नाही.