राखणदारापुढचा अर्ज

अख्ख्या रत्नागिरीत देवाशी कोर्टाच्या भाषेत बोलणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझ्या अक्काचा सासरा होता. तीस वर्षं कोर्टात शिरस्तेदारी करून त्यांनी पेन्शन घेतली, पण कचेरी काही सुटली नाही. जेवताना ते अक्काला म्हणत, "सूनबाई, सदरहू आमटीत मीठ नसल्याचं निदर्शनास येतं." अक्का पदर तोंडाला लावून मीठ वाढी. धाकट्या मुलाला, म्हणजे अक्काच्या दिराला, डाव्या हातानं लिहितो म्हणून त्यांनी लहानपणी फार छळलं. पुढे तो वकिलीचा अभ्यास टाकून आगबोटीवर नोकरीला गेला, तेव्हा "या घराचा उंबरा पुन्हा चढू नकोस" असा निकालही देऊन टाकला. मुलगाही त्यांचाच. चार वर्षांत फिरकला नाही.

दर पौषात मात्र ते मला घेऊन गावामागचा, पूर्णगडच्या अलीकडचा डोंगर चढत. मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. "पचनास बरं असतं," असं ते कारण सांगत. रानात शिरताना आणि परत उतरताना ते तीनदा मोठ्यानं खाकरत. हे वाघासाठी. "नोटीस बजावल्याशिवाय कुणाच्या हद्दीत शिरू नये रे," म्हणत. अर्ध्या वाटेवर ऐनाच्या झाडाखाली राखणदाराचा दगड होता. तिथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. "बा देवा राखणदारा, अर्जदार व त्याचा सोबती आपल्या हद्दीतून जाऊ इच्छितात, तरी काटा, किरडू आणि वाघरू यांजपासून संरक्षण व्हावं." दर मागणीला मी "होय महाराजा!" म्हणायचं, नाहीतर मागणी देवापर्यंत पोचत नाही. शेवटची मागणी मात्र ते मिशीतल्या मिशीत पुटपुटत. मला ऐकूच येत नसे, त्यामुळे तिला होय महाराजा कधी मिळालाच नाही.

माथ्यावर पोचलं की ते समुद्राकडे तोंड करून बसत. दुपारी गोव्याकडे जाणारी आगबोट दिसली की उठून उभे राहत आणि ती दिसेनाशी होईपर्यंत उपरणं हलवत. "माश्या फार," म्हणत. त्या वाऱ्यात माशी टिकली असती तर शपथ! पण मी मान डोलवी.

चौथ्या वर्षी ऐनापर्यंत येतानाच त्यांच्या छातीचा भाता झाला. दगडापाशी बसकण मारून म्हणाले, "आज तू घाल गाऱ्हाणं. मी सांगतो." काटा झाला, किरडू झालं, वाघरू झालं. मग त्यांनी सरळच असलेला नारळ पुन्हा सरळ केला. म्हणाले, "म्हण... आमच्या डावऱ्यानं एकदा वर बघावं."

मी म्हटलं. आता होय महाराजा म्हणणं त्यांच्याकडे होतं. त्यांनी म्हटलंही, पण इतक्या बारीक आवाजात की मी पुन्हा म्हटलं, रान घुमेल असं.

"मला नाही आता चढवत," ते म्हणाले आणि खांद्यावरचं उपरणं माझ्या हातात दिलं. "तू जा."

मी माथ्यावर गेलो. बोट आली. हात भरून येईपर्यंत मी उपरणं हलवलं. बोटीवर काहीतरी पांढरं हललं खरं. कुणाचं वाळत घातलेलं धोतर असेल, देव जाणे. मी धावतच खाली आलो.

"दिसलं काही?"

"हात केला त्यानं."

"कुठल्या हातानं?"

तीस वर्षं त्यांनी भले भले साक्षीदार घाम पुसताना पाहिले होते. त्या माथ्यावरून बोटच काडेपेटीएवढी दिसते, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

"डाव्या," मी म्हणालो.

मला वाटलं, आता उलटतपासणी होणार. पण त्यांनी उपरणं मागून घेतलं, मांडीवर ठेवून त्याची नीट घडी घातली आणि म्हणाले, "उद्या टपालात पत्र टाक त्याला. उंबऱ्याचा निकाल फिरवला म्हणावं."

मग छत्रीवर भार देत ते उतरू लागले. वाघासाठी खाकरायचं त्या दिवशी ते विसरले. त्यांच्या वतीनं मीच तीनदा खाकरलो.