रिपोर्ट येईपर्यंतचे देव

आमच्या लॅबमध्ये रक्ताची सॅम्पल्स सात दिवस फ्रीजमध्ये ठेवायची आणि आठव्या दिवशी टाकून द्यायची असा नियम होता. किश्शांना असा नियम नाही. ते लेबल न लावता मागच्या कप्प्यात राहतात आणि कधीतरी दार उघडलं की सगळे एकदम पायावर पडतात!

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात मी अबूधाबीजवळच्या मुसफ्फामधल्या एका क्लिनिकच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. आजूबाजूला गॅरेजेस, फॅब्रिकेशनच्या शेड्स, कामगारांचे कॅम्प. लॅबमध्ये आम्ही चौघं. डॉ. मन्सूर हे पॅथॉलॉजिस्ट, कराचीचे, मशीन सोडून कशावरही विश्वास न ठेवणारे. लिसी, माझ्या जोडीची टेक्निशियन, केरळची, रोज सकाळी रॅकमधल्या ट्यूब्जवर हवेत क्रॉस काढणारी. इक्बालभाई, ड्रायव्हर, कॅम्पांतून सॅम्पल्स आणणारे, आपल्या खेडकडचे, पाच वेळा नमाज पढणारे आणि मधल्या वेळात सगळ्यांची टिंगल करणारे. आणि मी, एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री. पर्समध्ये गणपतीचा फोटो, पण कुणाला दिसलाच तर ‘आईने ठेवलाय’ असं सांगणारी.

‘विज्ञान आणि श्रद्धा एकत्र नांदू शकतात का?’ या विषयावर मी शाळेत निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. आमच्या लॅबमध्ये दोघं रोज एका टेबलावर डबे उघडून नांदायची, त्यामुळे मी हा प्रश्न सुटला असंच धरून चालले होते. मग त्याच टेबलावर माझ्या आठ महिन्यांच्या मिहिरचं रक्त आलं. निबंधातलं एक वाक्य आठवेल तर शपथ!

*

आधी जरा बरा किस्सा सांगते.

सांगलीकडचा एक वेल्डर गावी रजेवर जाऊन आला तो थंडीतापाने कुडकुडतच. स्लाइडमध्ये मलेरिया. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आठवड्याने परत तपासायला आला तर गडी ठणठणीत, आणि दंडावर नवाकोरा काळा दोरा! आईने गावाहून येणाऱ्या माणसाबरोबर धाडलेला.

डॉक्टरांना चेव आला. “सच बताओ, बुखार किससे उतरा? गोली से या धागे से?”

वेल्डरने बराच विचार केला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, साहेबांना सांगा, गोळी कंपनीची हाय आन् दोरा आईचा. कुणाला दुखवू?”

मी भाषांतर केलं. डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, “ये वेल्डर नहीं, वकील है!”

दारात उभे असलेले इक्बालभाई म्हणाले, “नहीं डॉक्टरसाब, वेल्डरच है. दो टुकडे जोडना ही तो उसका काम है!”

*

हमीदचा किस्सा मात्र असा हसून संपत नाही.

हमीद इक्बालभाईंच्याच गावचा. व्हिसा रिन्यू करायच्या आधी त्याच्या कंपनीने सगळ्यांचं रक्त आमच्याकडे तपासायला पाठवलं होतं. इक्बालभाई त्याची ट्यूब वेगळी, वरच्या खिशात घालून घेऊन आले. “ताई, याच्या तीन बहिणींची लग्नं व्हायचीत. जरा बघा.” जरा बघा म्हणजे काय बघणार? लिसीने त्या ट्यूबवर दोनदा क्रॉस काढला, डोळे मिटून पुटपुटली, आणि टेस्ट लावली.

हेपेटायटिस बी. पॉझिटिव्ह. मी पुन्हा लावली. पुन्हा पॉझिटिव्ह. म्हणजे व्हिसा नाही.

डॉक्टर सही करता करता म्हणाले, “लिसी, कितनी बार बोला, टेस्ट किट को दुआ सुनाई नहीं देती.”

लिसी शांतपणे ग्लोव्हज काढत म्हणाली, “किट के लिए नहीं किया डॉक्टर. आदमी के लिए किया.”

हमीद गुरुवारच्या विमानाने गेला. इक्बालभाईंनीच त्याला एअरपोर्टवर सोडलं.

*

मिहिर बाटली अर्धी टाकून झोपायला लागला होता. झोपेतून उठला तरी झोपल्यासारखाच. आम्ही पुण्याला त्याचे फोटो पाठवले, तर सासूबाई फोनवर केवढ्या खूश! “काय गोरापान झालाय गं!” तो गोरा झाला नव्हता, पांढरा पडला होता. हे मला कळायला, दिवसभर लोकांच्या रक्तात डोकं घालून बसणाऱ्या मला, अजून तीन आठवडे लागले.

शेवटी लिसीने त्याचं रक्त काढलं. हिमोग्लोबिन सहा.

घरच्यांची स्लाइड आपण बघायची नाही, हा डॉक्टरांचा कडक नियम. ते जेवायला गेले आणि मी बघितली. फिक्या, वेड्यावाकड्या पेशी, कितीतरी पेशींच्या मधोमध ठिपका. पुस्तकात असतो तसा फोटो. मी स्वतःला म्हटलं, स्टेन खराब आहे, रंग नीट चढलेला नाही. दुसरी स्लाइड केली. मग नवी बाटली फोडून तिसरी. चौथीला हात घातला तेव्हा लिसीने मागून येऊन बाटली हळूच काढून घेतली.

“दीदी,” ती म्हणाली, “स्टेन अच्छा है.”

*

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बसवून सांगितलं. थॅलेसेमियाचा संशय आहे. आई आणि बाप दोघांच्याही रक्तात तो दोष लपलेला, म्हणजे ‘मायनर’, असेल तरच बाळाला हा आजार होतो. आईबापांना स्वतःला काहीच होत नाही, म्हणून त्यांना पत्ताही नसतो. मेजर निघाला तर बाळाला जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त. नक्की कळायला मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिघांचं रक्त पाठवायचं. रिपोर्टला दोन आठवडे.

हे सगळं मला पाठ होतं. तरी मी शाळेतल्या मुलीसारखी मान डोलवत होते.

मग त्यांनी विचारलं, “शादी से पहले टेस्ट नहीं किया? तुम तो लॅबवाली हो!”

काय सांगणार? लग्नाआधी दोन वर्षं पुण्यात मी हीच टेस्ट करत होते. लोकांची! समीर केमिकल इंजिनिअर, मी एम.एस्सी., आणि दोघांच्याही घरी कुणाला, मला धरून, रक्त तपासायचं सुचलं नाही. पत्रिका मात्र बघितली होती. छत्तीसपैकी एकतीस गुण. नाडी वेगळी, म्हणजे संततीला धोका नाही, असं गुरुजींनी लाल शाईने लिहून दिलं होतं. आणि मी आपली आधुनिक, एकावर विसंबायचं नाही म्हणून दुसऱ्या गुरुजींकडूनही तपासून घेतली होती. सेकंड ओपिनियन!

डॉक्टर हसतील असं वाटलं. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले.

“मैं पॅथॉलॉजिस्ट हूँ,” ते म्हणाले. “मेरी बीवी मेरे मामू की बेटी है. टेस्ट हमने भी नहीं किया. चार बच्चे हैं, चारों ठीक हैं.” मग पेपरवेट थांबवून म्हणाले, “इसमें सायन्स कहीं नहीं है, बेटा. तुक्का है.”

त्यांनी मला त्याआधी कधी बेटा म्हटलं नव्हतं. मला तेच जास्त भीतीचं वाटलं.

*

त्या दोन आठवड्यांत आमच्या अबूधाबीच्या टू-बेडरूम फ्लॅटमध्ये देवांची वर्दळ सुरू झाली. मुंजीतसुद्धा कुरकुर केलेला समीर आंघोळीनंतर बाथरूममध्येच काहीतरी पुटपुटायचा. मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून! सासूबाईंनी कुणाबरोबर तरी अंगारा पाठवला. लिसीने छोटी बाटली भरून चर्चमधलं तेल दिलं. इक्बालभाईंनी कुठल्याशा दर्ग्याचा हिरवा धागा आणला. मी सगळं घेतलं. बाळाच्या अंगाला काही लावायच्या आधी मात्र अंगाऱ्यात शिसं असेल का, तेलाची ॲलर्जी येईल का, धागा तोंडात जाईल का, असा विचार करून सगळं त्याच्या उशीखाली ठेवलं. मग उशी उंच झाली म्हणून मान अवघडेल ही काळजी!

माझी सई तेव्हा सहा वर्षांची. मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्येच उत्तर द्यायची. मी देवासमोर दिवा लावत होते, तर दूध पिता पिता तिने विचारलं, “आई, डिड गॉड मेक मिहिर्स ब्लड?”

“हो.”

“देन व्हाय आर यू चेकिंग इट?”

मी म्हटलं, “दूध संपव आधी.”

*

रिपोर्ट आला. समीर मायनर. मी मायनर. मिहिर मेजर.

पुण्याला फोन केला. सासूबाई काही बोलल्याच नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता. बारा दिरहमचा, म्हणजे सव्वाशे रुपयांचा तो श्वास मी ऐकून घेतला आणि फोन ठेवला.

आठवड्याने त्यांचाच फोन आला. आवाजात जरा जीव आला होता. त्या पुन्हा गुरुजींकडे गेल्या होत्या. गुरुजींनी माझ्या माहेरी फोन करून, आईला खोदून खोदून विचारून शोध लावला होता. माझी जन्मवेळ आईने अंदाजाने सांगितली होती. खरी वेळ वीस मिनिटं आधीची. तेवढ्यात नक्षत्र बदलत होतं. नवी पत्रिका मांडली तर माझी आणि समीरची नाडी एकच!

“शास्त्र चुकलं नव्हतं गं,” सासूबाई रडत म्हणाल्या. “वेळ चुकीची दिली होती.”

मला संताप यायला हवा होता. पण आमच्याकडे तक्रार आली की मी स्वतः कितीदा लिहून दिलं होतं, की मशीन बरोबर आहे, सॅम्पल चुकीचं घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना हा किस्सा सांगितला. वाटलं, गुरुजींची सालं काढतील.

ते म्हणाले, “कम से कम उसने रिपीट तो किया.”

*

मिहिरला पहिलं रक्त द्यायचं ठरलं तेव्हा रमजान चालू होता. हॉस्पिटलने सांगितलं, एक पिशवी घेताय तर ब्लड बँकेत एक डोनर आणा. इक्बालभाई दुपारी बारा वाजता व्हॅनची किल्ली हातात घेऊन उभे. “चला ताई, माझा ग्रुप बी पॉझिटिव्ह.”

डॉक्टर ओरडले, “रोजे में खून? बेहोश होना है? इफ्तार के बाद!”

इक्बालभाई डॉक्टरांचं ऐकतील तर ना! समोरच्या मशिदीत इमामांना विचारायला गेले. पाच मिनिटांत पडलेल्या चेहऱ्याने परत.

“काय म्हणाले?”

“इफ्तार के बाद.” मग माझ्याकडे वळून, “बघा ताई, इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, ते नेमकं माझ्या वाटेत!”

सूर्यास्ताला त्यांनी खजूर खाल्ले, पाणी प्यायले, डॉक्टरांनी जबरदस्तीने जेवायला लावलं, आणि वाटेत चक्कर येईल म्हणून डॉक्टर स्वतः व्हॅनमध्ये शेजारी बसले. जाताना मी प्रामाणिकपणे सांगितलं, “इक्बालभाई, तुमचं रक्त मिहिरलाच मिळेल असं नाही हं. बँकेत जमा होतं, कुणालाही जातं.”

“कोणाला तरी जाईल ना?” ते म्हणाले. “मग त्या कोणाचं तरी मिहिरला येईल. यल्ला, चला!”

*

पहिल्या पिशवीच्या दिवशी समीर सईला घेऊन घरी होता. वॉर्डमध्ये मी, आणि सुट्टी असून मुसफ्फाहून बस बदलून आलेली लिसी.

मिहिरचा हात फळीला बांधला होता, त्यातून नळी. अर्ध्या तासाने त्याचे ओठ गुलाबी व्हायला लागले. डोळ्यांसमोर! त्याने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखा आवाज केला. शेजारच्या कॉटवरच्या बाळाची आई मला खूण करून हसली.

मी पिशवीवरचा आकडा वाचत होते. शंभर मिलिलिटर. बाहेरून दिलेल्या रक्ताबरोबर लोह येतं, मिलिलिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम, आणि ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते यकृतात जातं, मग हृदयात जातं. ते काढायचं औषध असतं, पण सगळं निघत नाही, आणि किती साठलं की हृदय हार मानतं तो आकडा मला पाठ होता. आज शंभर. तीन-चार आठवड्यांनी आणखी शंभर. पहिल्या वर्षी इतकं. वजन वाढेल तशी पिशवी मोठी, म्हणजे दुसऱ्या वर्षी इतकं. तिसऱ्या वर्षी इतकं. एकेक वर्ष धरून मी पुढे चालले होते. कॉटचा दांडा धरून, डोळे मिटून, आणि बहुतेक ओठ हलत असावेत.

लिसीने माझ्याकडे पाहिलं. पर्स खाली ठेवली, ओढणी डोक्यावर घेतली, माझ्या हाताशेजारी दांड्यावर हात ठेवला आणि मान खाली घालून उभी राहिली.

मी चौदाव्या वर्षापर्यंत गेले आणि थांबले.

लिसी म्हणाली, “आमेन.”