रोवणीचं गाणं आणि साधारणीकरण

आज १४ जुलै. दारावरून धानाच्या पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, गाडी गेली आणि त्या ओल्या वासाने तीस वर्षांपूर्वीची करडी गावातली आमची भातखाचराची बांधी आठवली. तिथे हजर: आई, शांताकाकू, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, सहा बाया, आणि धुऱ्यावर, बांधाच्या कडेला, पुस्तक घेऊन बी.ए.ची मी.

मी 'साधारणीकरण' पाठ करत होते. कवितेतलं दुःख एकट्याचं राहत नाही, वाचणाऱ्या सगळ्यांचं होतं. डोक्यात काही शिरत नव्हतं.

काकूने सासरी निघालेल्या लेकीचं गाणं धरलं. आई रडली, ते समजलं. माझं लग्न ठरलं होतं. पण काकूही रडली. तिला तर मूलबाळ नव्हतं.

"काकू, तू काहून रडून राहिली?"

"अवं, गाण्यातल्या पोरीले कोणी माय पाहिजे ना. तुह्या पुस्तकात नाही का हे?"

मी खूश होऊन उदाहरण वहीत उतरवलं. अजूनही वर्गात शिकवताना तेच सांगते. ते रडणं काकूचं स्वतःचंही होतं, हे मात्र फार उशिरा कळलं.

माझ्या कामांच्या यादीत कित्येक वर्षं 'काकूकडून गाणं लिहून घेणे' होतं. आज ते खोडून 'काकूला भेटणे' लिहिलं. जायचं अजून बाकी आहे.