कोळशातली माती
वीटभट्टीचा धूर नाकात गेला की कपाळावरचा निळा व्रण अजून चुरचुरतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी डोंगरकडा गावच्या एका वीटभट्टीवर मी ट्रकमधला कोळसा उतरवत होतो. मालक त्यातलाच थोडा कोळसा तपासायला कॉलेजात घेऊन गेला होता. कोळशावर उजेड टाकून त्यात काय काय आहे ते सांगणाऱ्या कॉलेजच्या यंत्रात माती दिसली, एवढंच ऐकून मालक परतला आणि "माती मिसळून राहिला व्हय?" म्हणत त्याने कोळशातलं फावडं उचलून माझं कपाळ फोडलं. मी पडलो तरी तो हाणतच होता. काळ्या ढिगावर माझं रक्त लालसुद्धा दिसेना. मागोमाग स्कूटरवरून कोळसा तपासणारे प्राध्यापक आले. "अहो, ती खाणीतलीच माती. सगळ्याच कोळशात असते." मालकाने फावडं टाकलं. "मंग आधी काहून न्हाई सांगितलं?" फावड्यावरची कोळशाची भुकटी जखमेतच राहिली. आज त्या यंत्राखाली माझं कपाळ धरलं, तर कोळसा दिसेल, आणि तो मात्र खरोखरच मिसळलेला आहे.