नेलियाचं पाचवं कलम

नेलिया बोर्बाला यंत्राचा आवाज कळायचा. चीजच्या कारखान्यात ती बावीस वर्षं सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहिली. चाळीस पौंडांची लादी उचलायची, पेटीत ठेवायची, पुढची उचलायची. कुठलं बेअरिंग जाणार ते ती दोन दिवस आधी सांगायची. मेकॅनिक हसायचे. दोन दिवसांनी तेच बेअरिंग बदलायला यायचे.

ती आमच्या समोर राहते. एकोणिसाव्या वर्षी अझोरेसच्या बेटावरून समुद्र ओलांडून इथे आमच्या खोऱ्यात आली, आधी दुसऱ्यांच्या गोठ्यांत दूध काढलं, मग कारखाना. गल्लीतली पोरं तिला तिया म्हणतात, म्हणजे तिच्या भाषेत मावशी. मीही तेच म्हणते.

गेल्या हिवाळ्यात तिचा उजवा खांदा गेला. आणखी वर्षभर लाद्या उचलल्या तर हात वर होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कारखान्याच्या देखभाल विभागात एक जागा निघाली होती. टेबल, खुर्ची, फोन. कुठलं यंत्र कधी दुरुस्तीला घ्यायचं एवढं ठरवायचं. मॅनेजर म्हणाला, "जूनच्या आत दोन कोर्स पास हो. खुर्ची तुझीच." इंग्रजी लेखन आणि प्राथमिक अभियांत्रिकी. आमच्या कम्युनिटी कॉलेजात हे दोन्ही जोडीनेच घ्यावे लागतात.

मी साहित्यात पदवी घेऊन त्याच कॉलेजच्या लेखन केंद्रात लागले होते. मुलांचे निबंध सुधारायचे.

"तुझ्या पदवीचा कुणाला तरी उपयोग होऊ दे," तिया म्हणाली आणि माझ्या टेबलासमोर येऊन बसली.

ती बोलते तसं लिहायची. मला फारसं काही करावं लागत नसे.

अभियांत्रिकीच्या वर्गात चौघांचा गट असतो. तिच्या वाट्याला अठरा वर्षांची तीन मुलं आली. टॅनर हूकस्ट्रा त्यांचा म्होरक्या. डेअरीवाल्यांचा मुलगा, उंच, नम्र, तिला मॅडम म्हणायचा. अक्रोड आकाराप्रमाणे निवडणारं यंत्र करायचं होतं. त्याआधी गटाचा करार लिहायचा: कामं कुणी करायची, चुकारपणा केला तर काय. हा कागद दोन्ही वर्गांत तपासला जायचा. कोण लिहिणार, असं विचारल्यावर मुलं फोनमध्ये बघू लागली. तिया म्हणाली, मी लिहिते.

ती मसुदा घेऊन आली. पाच कलमं होती. पाचवं असं: जो तीन बैठका चुकवेल तो गटाबाहेर जाईल आणि सगळं काम एकट्याने करेल. त्याखाली चार ओळी. आजारी असेल तर सोडून. कामावर अडकवून ठेवलं तर सोडून. घरी मरण असेल तर सोडून. गाय वीत असेल तर सोडून.

गायीपाशी मला हसू आलं. "हे काय?"

"टॅनरच्या घरी गोठा आहे. गाय काय घड्याळ बघून विते?"

"तिया, नियम एका वाक्यात असावा. अपवादांनी धार जाते."

"अगं, पण माणसं कामावर असतात."

"ते सगळ्यांना कळतंच. लिहायची गरज नाही."

मी चारही ओळींवर काट मारली. तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "तू शिकलेली आहेस, पोरी."

इंग्रजीच्या बाईंनी कागदाला ए दिला. खाली लाल शाईत शेरा होता: एकही शब्द जास्त नाही. तियाने तो फ्रिजवर चिकटवला. तिचा नवरा आदेलिनो आल्यागेल्याला दाखवायचा. "मला वाचता येत नाही, पण ए ओळखता येतो."

बैठक दर शुक्रवारी सकाळी सातला. तियाची रात्रपाळी सहाला सुटायची. मार्चमध्ये कारखान्यात माणसं कमी पडली. पाळी संपलेल्यांना फाटकातून सोडेनात. नाही म्हटलं तर नावावर ठपका. फोन लॉकरमध्ये. तिच्या दोन बैठका गेल्या. यंत्राचं चित्र मात्र तिने आधीच पोचवलं होतं: फिरणारे दोन रूळ, एका टोकाला जवळ, दुसऱ्या टोकाला लांब. लहान अक्रोड आधी पडतो, मोठा शेवटी.

तिसऱ्या शुक्रवारी ती वीस मिनिटं उशिरा पोचली. डोक्यावर कारखान्यातली केसांची जाळी तशीच. ही तिसरी बैठक चुकली असं धरून तिला गटाबाहेर काढायच्या कागदावर तिघांच्या सह्या झाल्या होत्या.

"मॅडम, आम्हाला वाईट वाटतंय," टॅनर म्हणाला. "पण नियम तुम्हीच लिहिलात."

"आणि किती स्पष्ट लिहिलात," त्याच्या शेजारी बसलेली गटातली मुलगी म्हणाली.

"मग माझं चित्र परत द्या."

"चित्र गटाचं आहे. तिसरं कलम."

मी तिच्याबरोबर प्रुइट सरांकडे गेले. ते अभियांत्रिकी शिकवायचे. त्यांनी करार दोनदा वाचला.

"कामावर अडकलात, मला पटतं. यात तसा अपवाद लिहिला असता तर आत्ता परत गटात घेतलं असतं. पण करार म्हणजे करार. तेच तर शिकवतो मी."

मी टेबलाकडे बघत होते. तियाने माझ्याकडे पाहिलं नाही.

एकटीने करायला नऊ दिवस मिळाले. तिने गॅरेजमध्ये डाव्या हाताने रूळ बसवले. चौकट पुरी झाली नाही.

यंत्रं दाखवायच्या दिवशी ती शेवटच्या बाकावर बसली होती. टॅनरच्या यंत्राचा पट्टा घसरायला लागला. अक्रोड जमिनीवर सांडले. वर्ग हसला. तिया उठली, पुढे गेली, अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला, एक स्क्रू अर्धा फेरा आवळला. यंत्र चालू झालं. ती परत बाकावर जाऊन बसली. प्रुइट सरांनी त्या गटाला पूर्ण गुण दिले.

तिया अभियांत्रिकीत नापास झाली. इंग्रजीत ए.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले. ती सोपाश वाढत होती. ब्रेडवर मांसाचा रस्सा, पुदिना. मला काहीतरी बोलायचं होतं.

"तिया, मी तेव्हा..."

"जेव आधी." तिने माझी थाळी भरली. "तुझं इंग्रजी फार चांगलं आहे, पोरी. कुणाला कामावरून काढायचं असेल तर कारखान्याने तुलाच बोलवावं."

आदेलिनो हसला. त्याला वाटलं ती थट्टा करतेय.

जूनमध्ये ती खुर्ची मॅनेजरच्या भाच्याला मिळाली. जुलैमध्ये तियाच्या हातून लादी सुटली आणि शेजारणीच्या पायावर पडली. ऑगस्टमध्ये कारखान्याने तिला काढलं. पत्र वाचायला तिने मला बोलावलं नाही. आता ती डाव्या हाताने केस विंचरते.

नवं सत्र सुरू झालं तेव्हा प्रुइट सरांनी लेखन केंद्रात नमुना म्हणून एका कराराच्या साठ प्रती पाठवल्या. लिहिणारीचं नाव काळ्या शाईने झाकलं होतं. पाच कलमं, आणि खाली लाल शेरा.

सोमवारी आणि बुधवारी मी त्या वाटते. एका मुलाने विचारलं, "पाचव्यात कुणाला काही सूट नाही?"

"नाही," मी म्हणाले.