शेडचं गाणं

आम्ही ब्लॅक मेटल वाजवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे घरी मला कधी सांगता आलं नाही. आई म्हणायची, "तोंडाला राख फासून बोंबलायचं, ह्याला गाणं म्हणत्यात व्हय गं?"

कराडला इंजिनिअरिंगला असताना आम्ही तिघांनी बँड काढला. ड्रम्सवर पाटणच्या निवृत्त सुभेदारांचा मुलगा. गिटारवर माझ्याच गावचा, कडेगाव तालुक्यातला, बौद्ध वस्तीतला मित्र. गायला मी. सराव सुभेदारांच्या रिकाम्या पोल्ट्रीत चालायचा. पहिली गाणी साखर कारखान्याच्या मळीनं नदीत मेलेल्या माशांवर होती. माझ्या किंचाळण्यात शब्द कुणाला कळायचे नाहीत, त्यामुळं कुणी अडवलंही नाही.

मग भर पावसात मित्राची चुलती वारली. गावच्या स्मशानात पत्र्याची शेड आहे. ती तुमच्यासाठी नाही, असं शेडच्या दारात उभं राहून मित्राच्या घरच्यांना सांगितलं गेलं. सांगणारे माझे सख्खे चुलते होते, तात्या, गावचे सरपंच. शेवटी ओढ्याकाठी चौघांनी वर ताडपत्री धरली आणि डिझेल ओतून चिता पेटवली. हे सांगताना मित्राचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

महिनाभरात त्यानं गाणं आणलं. म्हणाला, "ह्या वेळी शब्द कळले पाहिजेत. किंचाळ, पण अक्षर न् अक्षर सुटं कर."

"तात्यांचं नाव आहे यात?"

"न्हाई. पण गावाला कळंल." त्यानं कागद माझ्यापुढं केला. "तू नको म्हणालीस तर मी म्हणतो. माझा आवाज वाईट हाय, एवढंच."

मीच म्हटलं. सरावाची क्लिप गावात फिरली आणि तात्यांचा फोन आला. "सांगलीत ते गाणं म्हणलीस, तर हितं पाय ठेवायचा न्हाई."

सांगलीचा कार्यक्रम दुपारचा होता. पडदा सरकला तेव्हा पहिल्या रांगेत तात्या, मागे त्यांची माणसं आणि शेजारी माझे वडील बसलेले दिसले. तीन गाणी झाली, पण त्यांच्यातलं कुणी हललं नाही. चौथं, शेडचं गाणं सुरू केलं आणि पहिलं कडवं संपायच्या आत वीज गेली. त्यांच्यातलाच एक मेन स्विचपाशी उभा होता. गिटार मुकी झाली, माइक मेला.

ड्रमरनं मात्र हात थांबवला नाही. फक्त लय संथ केली. मित्रानं माझ्याकडं पाहिलं. मी स्टेजच्या कडेला आले आणि होता तेवढा श्वास लावून पुढचं कडवं म्हटलं. घशात रक्ताची चव आली. सगळ्या हॉलमध्ये शब्द सुटे सुटे ऐकू जात होते.

एक खुर्ची येऊन ड्रमवर आदळली. चार-पाच जण पायऱ्यांकडं धावले. तेवढ्यात वडील उठले. मला ओढून खाली न्यायला येताहेत असं वाटलं आणि माझा आवाज फाटला. पण ते पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून.

"आवं दादा, सरका बाजूला," एकजण म्हणाला.

वडील सरकले नाहीत. तात्या त्यांच्याकडं बघत राहिले, मग उठून निघून गेले. आम्ही गाणं पूर्ण केलं.

त्यानंतर काही कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाले, काही मिळाले. दोन अल्बम आले. आम्ही बंगळूर, कोलकात्यापर्यंत जाऊन वाजवलं. शेडला मात्र आता कुलूप असतं आणि किल्ली तात्यांकडं. मी अजून गावी गेलेले नाही.

वडील अधूनमधून कराड स्टँडवर भेटायला येतात. आईनं दिलेली चटणी, गूळ हातात ठेवतात. त्या दुपारबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही. मागच्या खेपेला एसटीत चढता चढता ते एकदम वळले आणि म्हणाले, "ते गिटारवालं पोरगं बरं हाय न्हवं?"

"बरं आहे."

"जपून ऱ्हा म्हणावं त्याला. आन् तू बी."