हरिकेनवरचा लाल ठिपका

"ओढून पाहा," ते म्हणायचे. शिवलेला सदरा गिऱ्हाइकाच्या हातात देऊन शिवणीपाशी बोट ठेवायचे. "लाजू नका, जोर लावा." गिऱ्हाईक ओढायचं. टाका हलायचा नाही. मगच ते सदऱ्याची घडी घालायचे.

जळगावात आमच्या शाळेसमोर त्यांचं शिंपीकामाचं दुकान होतं. मूळचे शिंदखेड्याकडचे. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते. पण उडणारे नव्हेत, शिवणारे. हरिकेन नावाच्या लढाऊ विमानाचा मागचा भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा असायचा. गोळ्यांनी तो फाटला की हे ब्रह्मदेशात आराकानच्या जंगलात बसून ठिगळ लावायचे, वरून रोगण चढवायचे. तुमच्यापैकी कोणाला विमानांचा नाद असेल तर हे ठाऊक असेल. आम्हांला नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत 'विमानाचे शिंपी' म्हणून त्यांची थट्टा चालायची. मीही करायचो.

दुकानात तारेला एक हरिकेन टांगलेलं होतं. पांगाऱ्याच्या लाकडाचं, हातभर लांब, मागे खरंच कापड ताणलेलं. त्यांनी स्वतः केलेलं. मी चित्रकलेचा शिक्षक. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी ते मागितलं. द्यावं की नाही, त्यांना ठरवता येईना. शेवटी स्टुलावर चढून उतरवून दिलं. "कोणाला हात नका लावू देऊ," एवढंच म्हणाले.

हात मीच लावला. पंखांवरच्या हवाई दलाच्या गोल खुणेत बाहेर गडद निळा रंग होता, आत फिकट निळा. माझ्याकडच्या इंग्रजी सचित्र पुस्तकात त्याच विमानाच्या खुणेत मधोमध लाल ठिपका होता. मला वाटलं, टाके घालणाऱ्याला रंगातलं काय कळणार. ब्रश घेतला आणि सगळ्या खुणांत लाल ठिपके भरले. विचारायचं तर फक्त रस्ता ओलांडायचा होता.

प्रदर्शनाच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून, पत्नीला घेऊन आले. पाहुणे आणि मुख्याध्यापक टेबलापाशीच उभे होते. ते विमानाकडे बघत राहिले. मग हळूच अहिराणीत म्हणाले, "मास्तर, लाल नही शे. लाल जपान्यासना शे."

मी पुस्तक उघडून पुढे धरलं. "हे बघा, छापलेलं आहे. तुमचं काम टाक्यांचं. रंगांचं आमच्यावर सोडा."

पाहुणे हसले, म्हणून सगळे हसले. त्यांची पत्नी पदर सावरत दाराकडे बघू लागली. त्यांनी वाकून ते चित्र नीट पाहिलं. "विलायतेत असेल तसं," म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी विमान परत द्यायला गेलो. ते मांडीवर घेऊन ब्लेडने लाल रंग खरवडू लागले. खाली बघतच बोलले.

"खालून लाल दिसलं की आपलेच तोफवाले जपानी समजून मारायचे. म्हणून तिकडच्या बठ्ठ्या, सगळ्याच विमानांवरचा लाल पुसायचा हुकूम होता. एक नवं हरिकेन आलं. एका पंखाखालचा लाल मी पुसला, दुसरा राहिला. पायलट साहेब घाईत होते. म्हणाले, परत आल्यावर कर. मी म्हणालो, जी."

ब्लेड थांबलं.

"मग?" मी विचारलं.

"आपल्याच तोफेनं पाडलं. साहेब पंजाबी होते, पोरसवदा."

माफी मागायची ती वेळ होती. मी म्हणालो, "पुस्तकात तसंच होतं हो." त्यांनी मान हलवली, जणू माझंही बरोबर होतं. ते मान हलवणं मला अजून सोसत नाही.

त्यानंतर शाळेत शिरताना मी तिकडे बघणं सोडलं. दिवाळीचे कपडे दुसरीकडे शिवले. वर्षभरात ते दुकान आवरून धुळ्याला गेले. सामान बैलगाडीत चढत होतं, ते मी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं आणि फळ्याकडे वळलो.

पुढे परीक्षेच्या कामासाठी धुळ्याला जाणं झालं. विचारत विचारत त्यांच्या गल्लीत पोचलो. दारातून ते दिसले. चष्मा लागला होता, मशीनवर वाकून बाही जोडत होते. काय बोलायचं ते मी वाटेत जुळवून ठेवलं होतं. ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "कोण पाहिजे, भाऊ?"

आत मशीन थांबलं. ते मान वर करणार तोच मी म्हणालो, "कोणी नाही. गल्ली चुकलो," आणि स्टँडच्या दिशेने चालू लागलो. मागे मशीन पुन्हा सुरू झालं.